धानावर ‘एक’ म्हणू नये

एस्तरबाई भालेराव. आधी हे नाव लिहून ठेवतो आणि मग पुढचं सांगतो. आईवडिलांनी मला जन्म दिला, भाकर दिली, शाळेत घातलं. पण मला मास्तर केलं ते एस्तरबाईंनी. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मला पुढे मिळालं, बी.ए.ची पदवीही मिळाली. पण मास्तर मी झालो तो एका आठवड्यात, पळसटोला नावाच्या गावच्या मिशन शाळेत, आणि तेसुद्धा एक चूक करून. छत्तीस वर्षांच्या नोकरीतल्या बदल्या आणि बढत्या वाचून कोणाचं काही भलं व्हायचं नाही. म्हणून त्या एका आठवड्याबद्दलच लिहितो.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होतं. मी वडशाचा. माझे वडील तिथल्या धानाच्या मिलीत हमाल होते. मी आमच्या घरातला पहिला मॅट्रिक, त्यामुळे पाय जमिनीला लागत नव्हते. नोकरी मिळेना. मग कोणीतरी सांगितलं की वडशाहून पूर्वेला, जंगलात, बैलगाडीने दिवसभराच्या वाटेवर एक मिशनची शाळा आहे आणि तिथल्या बाईंना एक मास्तर हवा आहे. आई म्हणाली, “किरिस्तावाच्या शाळेत जाशील तं जेवशील कुठी?” वडील म्हणाले, “जेवाची सोय होईलच. पगार देते का ते पाय.” मी गेलो.

एस्तरबाई नगरकडच्या. वय पन्नाशीच्या आसपास, पांढरं लुगडं, पायात जाड चपला, आणि बोलणं इतकं स्वच्छ की पहिले आठ दिवस मी त्यांच्यापुढे तोंडच उघडलं नाही. गावाला मात्र त्यांचं नाव जिभेवर बसत नव्हतं. आमच्याकडे पानांच्या पत्रावळीला इस्तारी म्हणतात. लोकांनी बाईंना सरळ ‘इस्तारीबाई’ करून टाकलं. बाईंना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, “चांगलंच आहे की. इस्तारीवर सगळ्यांना जेवता येतं.”

शाळा म्हणजे कौलारू एक खोली आणि पुढे पडवी. पहिली ते तिसरी. मास्तर दोन, इयत्ता तीन. बाहेरच्या माणसाला वाटतं, दोन माणसं तीन वर्ग कसे चालवत असतील? त्यात एक युक्ती असते. एका वर्गाला पाटीवर लिहायला द्यायचं, दुसऱ्याला मोठ्यानं वाचायला लावायचं आणि तिसऱ्याच्या हाताला काम द्यायचं. हाताला काम असलेलं मूल दंगा करत नाही. तिसरी माझ्याकडे होती, पडवीत. मुलं बहुतेक हिंदू शेतकऱ्यांची, काही नदीवर मासे धरणाऱ्यांची. मिशनची चार घरं, त्यांची पाच-सहा मुलं. सकाळी प्रार्थना व्हायची आणि सगळी मुलं “सलाम, बाई” म्हणायची.

मी आलो त्याच महिन्यात एक म्हातारे आजोबा नातवाला घेऊन आले. दारातच उभे राहिले.

“इस्तारीबाई, पोट्ट्याले इथी बसवतो. पण त्याले किरिस्ताव नाई करान ना?”

“भाऊ,” बाई म्हणाल्या, “आधी त्याला एका जागी बसवून तर पाहू. तेवढं जमलं तरी मी देवाचे आभार मानीन.”

आजोबा हसले. नातू तोवर पडवीच्या खांबावर चढला होता.

दर हिवाळ्यात धान कापून झालं, मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सरले की बाई एक आठवडा पुस्तकं बंद करत. त्याला त्या ‘खळ्याचा आठवडा’ म्हणत. त्या आठवड्यात शिकायचं सगळं धानावरून. वाचन धानाचं, गणित धानाचं, चित्र धानाचं, प्रार्थनेच्या वेळची गोष्टसुद्धा धानाची. प्रत्येक मुलानं घरून जमेल तेवढं धान आणायचं, त्याची शाळेत रास करायची आणि रविवारी उपकारस्तुतीला ती देवापुढे ठेवायची. पुढे ते धान गावातल्या निराधार म्हाताऱ्यांना जाई. हिंदू घरंही हौसेनं धान देत. देव कोणाचाही असो, पहिलं धान त्याच्यापुढे ठेवायचं असतं, एवढं सगळ्यांना मान्य होतं.

त्या वर्षी मात्र त्या आठवड्याच्या शेवटी आणखी एक परीक्षा होती. शनिवारी डिप्टीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, येणार होते. बाईंनी चौथीच्या वर्गाची परवानगी मागितली होती. जवळची चौथी अकरा मैलांवर होती, तीही जंगलातून. तिथे मुलगे क्वचित जात, मुली कधीच नाही. म्हणजे पळसटोल्यातल्या मुलीचं शिक्षण तिसरीला संपे. चौथी मिळायला तिसरीत निदान दहा मुलं हवी होती. माझ्या वर्गात बरोबर दहा होती. बाई म्हणाल्या होत्या, “नागपुरे मास्तर, या आठवड्यात ताप कोणाला आला तरी चालेल, तुम्हाला चालेल, मला चालेल. या दहांना नको.”

सोमवारी बाईंनी मुलांना धानाच्या लोंब्या आणायला सांगितल्या होत्या. मुलांनी पडवीभर लोंब्या मांडल्या आणि मला एकेकीचं नाव सांगू लागली. लुचई, हिरानक्खी, चिन्नूर, काळी कमोद. मी मिलीजवळ वाढलेला, पण मला तांदूळ पोत्यातला ठाऊक. लोंबी पाहून नाव सांगता येईना. सगळ्यात पुढे होती जैवंता. दहा वर्षांची, बारीक, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. डोळे मिटून नुसता हात फिरवून ती सांगे, “हे लुचई. हे नाई, हे दुसरं.” तिचे वडील डोमाजी गावचे मापारी. कोणाच्याही खळ्यावर धान तयार झालं की मोजायला डोमाजीच. माप हातात घेणाऱ्या माणसावर दोन्ही पक्षांचा विश्वास असावा लागतो. डोमाजीवर सगळ्या गावाचा होता.

मंगळवारी मोजमाप होतं. मुलांनी आणलेलं धान पडवीत ओतलं, चांगली रास झाली. माप म्हणून मी शाळेतलं एक पत्र्याचं डबडं घेतलं. आधी अंदाज करायचा, मग मोजायचं आणि मग वीस मापांची एक खंडी या हिशोबानं गणितं करायची, असा बेत मी मोठ्या उत्साहानं आखला होता. म्हटलं, “जैवंता, तू मोज.”

ती राशीपुढे बसली. डबडं भरलं, हातानं सपाट केलं, बाजूच्या चटईवर ओतलं आणि म्हणाली, “लाभ.”

मी म्हटलं, “एक म्हण.”

तिनं दुसरं भरलं. “दोन.”

“थांब. पहिल्यापासून. एक.”

तिनं ओतलेलं धान परत राशीत टाकलं, पुन्हा डबडं भरलं, ओतलं. “लाभ.”

मुलं हसली. ती तिला हसत होती की मला, हे मला कळलं नाही. मला वाटलं मलाच. विशीतला मास्तर, आणि चार दिवसांवर तपासणी. मी म्हटलं, “जैवंता, हे खळं नाही, शाळा आहे. डिप्टीसाहेबांपुढे असं गावंढळासारखं मोजशील? एक म्हण.”

“धानावर नाई म्हणत, गुरुजी.”

“का नाही म्हणत?”

“धानावर एक म्हटलं तं धान एकटं राह्यते.”

“अडाण्यांच्या गोष्टी आहेत या. म्हण.”

“मी नाई म्हणत.”

“मग घरी जा.”

हे वाक्य प्रत्येक मास्तर वर्षातून दहा वेळा बोलतो. बोलताना त्याला ठाऊक असतं की मूल जाणार नाही, खाली मान घालून उभं राहील. जैवंता उठली. हाताला लागलेलं धान तिनं राशीवर झटकलं, पाटी घेतली आणि गेली.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या वेळी मी ती कोणाला सांगितली नाही. ‘लाभ’ म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. माझे वडील मिलीत पोती मोजताना तेच म्हणत. लहानपणी मीही तेच म्हणे. मग वडशाच्या शाळेत एका मास्तरांनी माझ्या तळहातावर छडी मारून ‘लाभ’चा ‘एक’ केला होता आणि सगळा वर्ग हसला होता. त्या दिवसापासून मी एक म्हणू लागलो, आणि वडील मोजायला लागले की तिथून निघून जाऊ लागलो.

बुधवारी पळसाच्या पानांच्या इस्तारी करायचा दिवस होता. मुलं बारीक काड्यांनी पानं टाचत बसली होती. बाईंनी पडवीत येऊन माझ्या मुलांवरून नजर फिरवली.

“नऊच?”

मी घडलेलं सांगितलं. सांगताना ‘अंधश्रद्धा’ हा शब्द दोनदा वापरला. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांच्या हातात अर्धी टाचलेली इस्तारी होती, तिची उरलेली पानं त्यांनी टाचून पूर्ण केली.

“मास्तर, चिंचोके मोजताना ती काय म्हणते?”

मी आठवून पाहिलं. “एक म्हणते.”

“आणि पाट्या मोजताना?”

“एक.”

“म्हणजे तिला एक येतं. शिवाय एक कुठे म्हणू नये तेही येतं. म्हणजे तिला तुमच्यापेक्षा एक गोष्ट जास्त येते.” मला वाटलं, आता रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “उद्या तुमचा वर्ग मी पाहते. पाटलांच्या खळ्यावर मोजणी आहे, डोमाजी तिथे असतील. तुम्ही जा.”

“माफी मागायला?”

“शिकायला. माफीचं काय ते तुमचं तुम्ही पाहा.”

गुरुवारी सकाळी मी खळ्यावर गेलो. सारवलेल्या जमिनीवर सोन्यासारखी रास पडली होती. डोमाजी तिच्यापुढे उकिडवे बसले होते, हातात लोखंडी कडं बसवलेला लाकडी कुडो. कुडो म्हणजे आमच्याकडचं धानाचं माप. वीस कुडोंची खंडी. मी म्हटलं, “डोमाभाऊ, थोडं बोलायचं होतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सात सात सात सात.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. मग ध्यानात आलं. मोजायला बसलेला मापारी दुसरं काही बोलत नाही. पहिला कुडो ओतला की लाभ, लाभ, लाभ म्हणत राहायचं, दुसरा भरून ओतेपर्यंत. दुसरा ओतला की दोन, दोन, दोन. तोंडातला आकडा सुटला तर मोजणी सुटली, आणि मोजणी सुटली की भांडण. म्हणून तोंड रिकामं ठेवायचंच नाही. मी मुकाट्यानं मातीत बसलो. डोमाजी माझ्यावर नजर रोखून आठ आठ आठ म्हणत होते, नऊ नऊ म्हणत होते. रागावलेल्या माणसाकडून नुसते आकडे ऐकून घेणं फार अवघड असतं. शिव्या बऱ्या. विसावा कुडो पडला, खंडी पुरी झाली, त्यांनी बाजूला एक खडा ठेवला आणि पाणी प्यायले.

“बोला, मास्तर.”

“जैवंताला शाळेत पाठवा. चूक माझी होती.”

“तिले एक म्हणाले लावलं म्हणे तुम्ही. धानावर.”

“हो.”

“तुमी कुठचे?”

“वडशाचा.”

“बाप काय करते?”

तोवर पळसटोल्यात मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. ‘मिलीत नोकरीला आहेत’ एवढंच सांगत असे. “मिलीत हमाल आहेत,” मी म्हटलं.

“मंग पोते मोजते तं काय म्हणते तुमचा बाप?”

डोमाजींनी कुडो पालथा करून आतलं धान राशीवर झटकलं. घाई त्यांना नव्हतीच.

“लाभ म्हणतात,” मी म्हटलं.

“मंग?”



डोमाजींनी कुडो पुन्हा राशीला लावला. “मी काई तिले अडवलं नाई. पोट्टी तिच्या मनाची आहे. तिलेच इचारा. ते पाय, बांधीत सरवा येचून राह्यली.”

धान कापलेल्या शेतात पडून राहिलेल्या लोंब्या वेचणं म्हणजे सरवा वेचणं. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, दोन-तीन बायका आणि जैवंता वाकून लोंब्या गोळा करत होत्या. मी बांधावर उभा राहिलो.

“जैवंता, शाळेत ये.”

ती वेचत राहिली. “शाळेत मी काय म्हणाचं ते सांगा आधी.”

“धानावर लाभ म्हण. चिंचोक्यावर एक.”

तिनं वर पाहिलं. “तं तेच तं मी म्हणत होती, गुरुजी.”

मी तिथेच माफी मागायला हवी होती. डोमाजींपुढे ‘चूक माझी’ म्हणालो होतो, पण दहा वर्षांच्या मुलीपुढे तो शब्द तोंडातून निघेना. “उद्या ये,” म्हणालो आणि परतलो. ती हो म्हणाली नाही.

त्या दिवशी सकाळची राहिलेली गोष्ट म्हणून दुपारी बाईंनी सरवा वेचणाऱ्या एका गरीब सुनेची जुनी गोष्ट सांगितली. शेतमालकानं मजुरांना सांगितलं, तिच्यासाठी थोड्या लोंब्या मुद्दाम पडू द्या, असं त्या म्हणाल्या. तेव्हा खांबावर चढणारा तो नातू म्हणाला, “आमचा पाटील नाई पाडत, बाई. आमीच हळूच पाडतो.” बाई इतक्या हसल्या की गोष्ट अर्धीच राहिली. मी मात्र हसू शकलो नाही. रिकाम्या दहाव्या जागेकडे पाहत होतो.

शुक्रवारी मुलांनी अंगण सारवलं, भिंतीवर लोंब्यांची तोरणं लावली, गाणं बसवलं. जैवंता आली नाही. संध्याकाळी मी बाईंना म्हटलं, “उद्या साहेबांना सांगू, दहावी आजारी आहे.”

बाई तोरण सरळ करत होत्या. “आजारी आहे?”

“नाही.”

“मग नाही सांगायचं.”

शनिवारी डिप्टीसाहेब आले. काळा कोट, डोक्यावर टोपी, सोबत फायलीची पिशवी घेतलेला शिपाई. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना उशीर आवडत नसे आणि ते आले तेव्हाच त्यांना उशीर झालेला होता. पहिली-दुसरी पाहून झाली. मग पडवीत आले आणि बोटानं मोजू लागले.

“सात, आठ, नऊ. अर्जात दहा लिहिले आहेत.”

मला वाटलं, बाई काहीतरी सांभाळून घेतील. त्यांनी मला किती वेळा सांभाळून घेतलं होतं. कोर्स अपुरा राहिला तेव्हा, मी मुलाला मारलं तेव्हा. बाई म्हणाल्या, “पटावर दहा आहेत, साहेब. दहावी का आली नाही, ते नागपुरे मास्तर सांगतील.”

आणि त्या शांतपणे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मी उभा राहिलो. माझ्या मागे धानाची रास होती, तशीच, अजून मोजायची राहिलेली. मी म्हटलं, “साहेब, मी तिला घरी पाठवलं. ती धान मोजताना एकाला लाभ म्हणाली. मी तिला एक म्हणायला लावत होतो. ती बरोबर होती. आमच्याकडे धान मोजताना लाभच म्हणतात. माझे वडीलही म्हणतात. ते वडशाच्या मिलीत हमाल आहेत.”

साहेबांनी चष्मा काढला. “हे सगळं मला कशाला सांगता?”

“तुम्ही विचारलं म्हणून,” मी म्हटलं. त्यापेक्षा चांगलं उत्तर सुचलं नाही.

ते काही बोलणार, तेवढ्यात अंगणातून कोणीतरी चालत आलं. जैवंता होती. डोक्यावर वडिलांचा लाकडी कुडो, पालथा, टोपीसारखा. तिनं तो दोन्ही हातांनी उतरवला, पडवीत ठेवला आणि म्हणाली, “सलाम, बाई. बापानं पाठोलं. डबड्यानं मोजलेलं धान देवाले देऊ नोका म्हणते.”

माझं बोलणं तिनं अंगणातून ऐकलं होतं की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. ती आली ती धानासाठी. माझ्यासाठी आली असं मी म्हणणार नाही.

साहेब म्हणाले, “हीच का ती? मोज पाहू.”

ती राशीपुढे उकिडवी बसली, अगदी डोमाजींसारखी. पहिला कुडो ओतला. “लाभ लाभ लाभ लाभ.” दुसरा. “दोन दोन दोन.” मुलांमधून कोणी हसलं नाही. पाचवा पडेपर्यंत सगळा वर्ग तिच्याबरोबर हलक्या आवाजात आकडा धरून बसला होता, बाईंच्या खोलीतली लहान मुलंसुद्धा दारात येऊन सहा सहा सहा म्हणत होती. सहा कुडो भरले आणि वर चार मुठी उरलं.

साहेबांनी तिला विचारलं, “वीस कुडोंची खंडी. अडीच खंडीतून हे सहा काढले तर किती?”

तिनं छताकडे पाहिलं. “दोन खंडी, चार कुडो.”

“कसं काढलं?”

“अर्ध्या खंडीत दहा राह्यते. त्यातले सहा काढले. बाकीच्याले हात कायले लावाचा?”

साहेब किंचित हसले असं मला वाटलं. बाई पुढेही म्हणत की ते हसले नाहीत, त्यांच्या मिशीत धानाचं कुसळ गेलं होतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि परवानगीबद्दल एक शब्दही न बोलता गेले.

दुसऱ्या दिवशी उपकारस्तुतीला ती सहा कुडोंची रास पांढऱ्या कापडावर ठेवली होती. बाईंनी प्रार्थना केली. डोमाजी दाराबाहेर चप्पल काढून उभे होते. आत आले नाहीत, पण प्रार्थना संपेपर्यंत गेलेही नाहीत. निघताना मला म्हणाले, “माप बराबर भरलं का, मास्तर?” मी म्हटलं, “बराबर.”

महिन्याभरानं हुकूम आला. चौथीच्या वर्गास परवानगी. खाली शेरा होता: ‘मुलांची तोंडी गणितात गती उत्तम. मात्र गणनेस एकपासून प्रारंभ करण्याची सवय लावावी.’ बाईंनी तो कागद मला दोनदा वाचायला लावला आणि दोन्ही वेळा डोळे पुसेपर्यंत हसल्या.

त्यानंतर मी त्या शाळेत आणखी सहा वर्षं होतो. बाईंनी मला बसू दिलं नाही. शाळा सुटली की दोन तास त्या मला इंग्रजी शिकवत, इंटरचा फॉर्म त्यांनीच आणून दिला, बी.ए.चाही. मी म्हणे, “बाई, हमालाच्या पोराला मॅट्रिक खूप झालं.” त्या म्हणत, “खूप झालं की नाही ते माप भरल्यावर पाहू.” मी पदवीच्या परीक्षेला बसलो त्या वर्षी त्या निवृत्त होऊन नगरला गेल्या.

काही गोष्टींची रुखरुख राहिली. जैवंताची माफी मी मागितली नाही, ती एक. दुसरी त्याहून मोठी. त्या दहांत एक गोंड मुलगा होता. घरी गोंडी बोले, शाळेत जवळजवळ काहीच बोलत नसे. मी त्याला ‘शांत’ म्हणत असे आणि ते कौतुक समजत असे. त्याच्या भाषेत धान मोजताना पहिल्या मापाला काय म्हणतात, हे मी कधी विचारलं नाही. एवढा मोठा धडा मिळाल्यावरही विचारलं नाही. पुढच्या शाळांतून मी नव्या मुलाला पहिल्या दिवशी पहिला प्रश्न हाच करू लागलो: तुमच्या घरी काय म्हणतात? पण ते त्याच्या काही उपयोगाचं नव्हतं.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी बाईंना पत्र लिहिलं. त्याची कच्ची प्रत जुन्या ट्रंकेत सापडली. ती जशीच्या तशी उतरवतो.

तीर्थस्वरूप एस्तरबाईंस,

सप्रेम सलाम.

निकाल लागला. पास झालो. वर्ग तिसरा मिळाला, पण तुम्ही म्हणाला होतात की वर्ग नंतर पाहू, आधी माप भरू दे. भरलं.

बातमी घेऊन वडशाला गेलो. वडील मिलीत होते. पूर्वी मी मिलीच्या फाटकाशी थांबून त्यांना बोलावून घेत असे, या वेळी आत गेलो. ते पोती मोजत होते, म्हणून मोजणी संपेपर्यंत शेजारी बसून राहिलो. मग सांगितलं. पदवी म्हणजे काय हे त्यांना नीट समजलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “आपल्या घरात याच्या आधी कोणी झाला होता का?” मी म्हटलं, “नाही, मीच एक.” त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाले, “एक नोको म्हणू. लाभ म्हण.” सगळ्या हमालांपुढे मी म्हटलं. फार मोठ्यानं म्हटलं, बाई.

जैवंता सातवी पास झाली. आता चांद्याला ट्रेनिंगला आहे. डोमाजींनी तुम्हाला सलाम सांगितला आहे. कुडोचं कडं नवीन बसवलं, तेही कळवा म्हणाले.

माझी धाकटी बहीण शेवंता यंदा पाचवीत गेली. डोकं चांगलं आहे, पण तिचं माप भरायला अजून खूप वर्षं आहेत. मापारी पुढचा कुडो ओतेपर्यंत काय करतो, ते तुम्ही मला खळ्यावर पाठवून शिकवलंत. मीही तसाच बसलो आहे. दोन म्हणायची वेळ येईपर्यंत तोंडातला आकडा सोडणार नाही.

लाभ, लाभ, लाभ, लाभ.

आपला विद्यार्थी,
नागपुरे मास्तर